गणवेशातली वर्षे वाया जात नाहीत

विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर, आणि तसे पाहिले तर साऱ्या महाराष्ट्रातच, खेळाडूच्या आयुष्याविषयी एक मत इतके रुळले आहे की ते केवळ एक मत आहे याचाही लोकांना विसर पडला आहे. ज्याच्या अंगी खेळ आहे त्याने सैन्यात भरती होणे म्हणजे गुण मातीत घालणे, कारण उमेदीची वर्षे कवायतीत, पहाऱ्यात आणि बदल्यांत निघून जातात, असे या मताचे पहिले कलम आहे. सैन्यात राहून जो खेळतो तो नावापुरता सैनिक, कारण खरे सैनिक सीमेवर असताना तो मैदानावर असतो, असे दुसरे कलम आहे. ही दोन्ही कलमे एकाच माणसाला लावली जातात, पुष्कळदा एकाच बैठकीत, आणि ती एकमेकांना छेद देतात हे कोणाच्या ध्यानात येत नाही. सैन्याने ज्याला खेळूच दिले नाही, त्यानेच सैन्यात राहून फक्त खेळ केला, असे एकाच व्यक्तीविषयी कसे म्हणता येईल? यांच्या जोडीला तिसरे कलम आहे आणि ते स्तुतीच्या रूपाने येते: खेळ म्हणजे बिनरक्ताचे युद्धच, तेव्हा सैनिक मैदानावर उतरला की तो जिंकणारच. या लेखात तिन्ही कलमांचा प्रतिवाद करायचा आहे, कारण ती निरुपद्रवी नाहीत. मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या सिंधुदुर्गातल्या तालुक्यांतल्या मुलामुलींच्या आयुष्याचे निर्णय या तीन कलमांवर घेतले जातात.

वादाला एक आयुष्य आधाराला हवे, आणि त्यासाठी हेमचंद्र रामचंद्र ऊर्फ हेमू अधिकारी यांच्याइतके योग्य मराठी आयुष्य दुसरे नाही. ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात जन्मलेले अधिकारी भारतीय सैन्यात अधिकारी होते, लेफ्टनंट कर्नल पदापर्यंत पोचले, १९४७ ते १९५९ या काळात भारतासाठी २१ कसोटी सामने खेळले, त्यांपैकी एका सामन्यात भारताचे कर्णधार झाले, आणि २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत वारले. त्यांच्या खात्यावर ८७२ धावा आहेत, सरासरी ३१.१४ आहे आणि शतक एकच आहे. अशी नोंद वाचली की प्रचलित मताचा वाचक लगेच निष्कर्ष काढतो: गणवेश नसता तर हा माणूस फार मोठा झाला असता. हळहळीच्या सुरात म्हटलेले हे वाक्य अधिकाऱ्यांचा गौरव करते असे वाटते, पण प्रत्यक्षात ते त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग तोट्याच्या बाजूला मांडते.

या हळहळीचा आधार तारखांवर तपासला पाहिजे. अधिकाऱ्यांनी पहिली कसोटी नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळली तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि इतक्या उशिरा पदार्पण होण्याचा दोष सहजपणे सैन्यावर टाकला जातो. पण १९३६च्या ऑगस्टपासून १९४६च्या जूनपर्यंत भारताने एकही कसोटी सामना खेळला नाही, ही गोष्ट हा दोष देणारे विसरतात. दुसऱ्या महायुद्धाने जगभरचे कसोटी क्रिकेट थांबवले होते आणि त्याची झळ नागरी पोशाखातल्या खेळाडूंनाही तितकीच लागली. सांगलीचे विजय हजारे १९१५ साली जन्मले आणि त्यांची पहिली कसोटी १९४६ साली, एकतिसाव्या वर्षी आली. विजय मर्चंट यांच्यासारख्या फलंदाजाच्या वाट्याला १९३३ ते १९५१ या अवधीत अवघे दहा सामने आले. हजारे आणि मर्चंट यांची वर्षे कोणत्या रेजिमेंटने खाल्ली? ज्या दशकाने सर्वांचीच दारे बंद केली, त्या दशकाचे बिल एकट्या गणवेशाच्या नावाने फाडणे हा हिशेब नव्हे.

पदार्पणानंतरच्या काळाचीही तीच गत आहे. नोव्हेंबर १९४७ ते फेब्रुवारी १९५९ या अवधीत भारताने ४७ कसोटी सामने खेळले आणि अधिकारी त्यांतील २१ सामन्यांत होते. उरलेल्या २६ सामन्यांकडे बोट दाखवून ‘सैन्याने नेले’ असे म्हणणाऱ्याने, त्या काळच्या निवड समित्यांचा इतिहास आधी वाचावा. जे कधीही सैन्यात नव्हते असे कितीतरी चांगले खेळाडू त्याच वर्षांत एका मालिकेत संघात आणि पुढच्या मालिकेत संघाबाहेर होते. सैन्याच्या कामामुळे अधिकाऱ्यांचे काही सामने हुकले असतील. पण सगळी अनुपस्थिती गणवेशाच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

अधिकारी जे सामने खेळले त्यांत काय घडले, हे मात्र हळहळणारे क्वचितच सांगतात. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला रे लिंडवॉलच्या वेगापुढे भारताचा दुसरा डाव कोसळत असताना हजाऱ्यांनी १४५ धावा केल्या आणि त्यांना साथ देत अधिकाऱ्यांनी ५१ धावा केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला वेस्ट इंडीजने ६३१ धावांचा डोंगर उभा केल्यावर अधिकारी ११४ धावांवर नाबाद राहिले, आणि फॉलोऑन मिळाल्यावर, म्हणजे मोठ्या पिछाडीमुळे लगेच दुसरा डाव खेळणे भाग पडल्यावर, पुन्हा नाबाद राहून त्यांनी सामना वाचवण्यास मदत केली. १९५२ साली दिल्लीलाच पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद ८१ धावा करताना गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या. भारताने तो सामना एका डावाने जिंकला आणि शेवटच्या जोडीचा हा भारतीय विक्रम २००४ साली सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी मोडीपर्यंत बावन्न वर्षे टिकला. या तिन्ही खेळी एकाच प्रकारच्या आहेत: वरचे फलंदाज गेलेले, आणि उभे राहणे हेच काम. ज्याला अशा वेळी उभे राहता येते त्याची सरासरी ३१ असते की ५१, हा प्रश्न त्या दिवशी संघाच्या दृष्टीने दुय्यम असतो.

१९५८-५९ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका तर हे मत पुरते उलटे करते. पाच सामन्यांच्या त्या मालिकेत भारताचे चार कर्णधार झाले. पहिल्या सामन्यात पॉली उम्रीगर, दुसऱ्या-तिसऱ्यात गुलाम अहमद, आणि मद्रासच्या चौथ्या सामन्याच्या तोंडावर खेळाडूच्या निवडीवरून क्रिकेट मंडळाशी मतभेद होऊन, पुन्हा नेमलेल्या उम्रीगरांनी कर्णधारपद सोडल्यावर विनू मंकड. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट यांच्या वेगाने संघ खिळखिळा झालेला, पदाधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपाने खेळाडू दुखावलेले, मालिका हातची गेलेली. अशा वेळी दिल्लीच्या शेवटच्या सामन्यासाठी मंडळाला चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, सैन्यात नोकरी करणारा माणूस आठवला. वेस्ट इंडीजने ८ बाद ६४४ धावांवर डाव सोडला, त्यातील तीन बळी अधिकाऱ्यांनी आपल्या लेगस्पिनने घेतले. फलंदाजीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या. पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या. आणि सामना अनिर्णित राहिला. गटबाजीत अडकलेल्या संघाला ज्याचे कोणाशीही देणेघेणे नाही असा नायक हवा होता, आणि तो क्रिकेटच्या दरबाराबाहेर, छावणीतच मिळाला. गणवेशाने त्यांचे नुकसान केले म्हणणाऱ्यांनी सांगावे, त्या आठवड्यात दरबारात वाढलेला कोणता खेळाडू हे करू शकत होता?

त्यानंतर अधिकारी कसोटी खेळले नाहीत. त्याच वर्षी दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला भारतीय संघ पाचही कसोटी सामने हरला.

सैन्याच्या संघासाठी अधिकाऱ्यांनी जे केले ते तर या मताच्या नजरेतून पूर्ण निसटते. तिन्ही सैन्यदलांचा मिळून एक संघ ‘सर्व्हिसेस’ या नावाने रणजी स्पर्धेत उतरतो. त्याला ना स्वतःचे शहर असते, ना प्रेक्षक, आणि खेळाडू बदलीच्या हुकमाबरोबर बदलतात. असा संघ अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी सलग दोन वर्षे अंतिम सामन्यात पोचला. मुंबईने एकदा आणि बडोद्याने एकदा त्यांना हरवले, हे खरे. पण ज्या मुंबईकडे शिवाजी पार्क आणि आझाद मैदान होते, तिच्यासमोर अंतिम सामन्यात उभे राहणाऱ्या संघाची बांधणी करणे हे कसोटीतल्या शतकापेक्षा कमी दर्जाचे काम का मानावे? याच सर्व्हिसेसचे अपूर्व सेनगुप्ता १९५९च्या मद्रास कसोटीत एकदाच भारतासाठी खेळले आणि अपयशी ठरले. क्रिकेटच्या नोंदवहीत त्यांचे आयुष्य दोन छोट्या आकड्यांत संपते, पण तेच सेनगुप्ता पुढे लेफ्टनंट जनरल झाले. नोंदवहीची पट्टी लावून हे आयुष्य मोजणाऱ्याला काय मोजले जाते आणि काय नाही, याचा विचार करावाच लागेल.

प्रचलित मताचे पहिले कलम केवळ भारतातच बोलले जाते असे नाही, अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील फुटबॉल हा भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अगदी वेगळा खेळ आहे. त्यात चेंडू हातात घेऊन पळता येते, हाताने फेकता येतो आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांना अंगाने अडवतात. त्यात ‘क्वार्टरबॅक’ हा खेळाडू आपल्या रांगेच्या मागे उभा राहतो, प्रत्येक चढाईच्या आरंभी चेंडू त्याच्या हातात येतो, आणि समोरून धिप्पाड माणसे अंगावर धावत असताना चेंडू फेकायचा, सोपवायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. रॉजर स्टॉबॅक हे असे क्वार्टरबॅक होते. अमेरिकेच्या नौदल अकादमीकडून खेळताना १९६३ साली त्यांना महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च असा हाइझमन चषक मिळाला. १९६४ सालच्या खेळाडू-निवडीत डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले, पण ती दहाव्या फेरीत, कारण त्यांच्यापुढे नौदलातल्या सेवेची सक्तीची वर्षे होती आणि इतकी वाट कोण पाहणार, असे इतर संघांना वाटले. ती वर्षे स्टॉबॅक यांनी पुरी केली. त्यांतील एक वर्ष व्हिएतनाममध्ये, नौदलाच्या पुरवठा विभागात. १९६९ साली सत्ताविसाव्या वर्षी ते व्यावसायिक संघात आले, जेव्हा त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंना तिथे पाच वर्षे झाली होती. जानेवारी १९७२ मध्ये त्यांनी संघाला ‘सुपर बोल’ म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना जिंकून दिला आणि त्या सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. जानेवारी १९७८ मध्ये पुन्हा तोच चषक आला. १९८५ साली त्यांना त्या खेळाच्या सन्मानदालनात स्थान मिळाले. दहाव्या फेरीपर्यंत ज्या संघांनी त्यांना सोडून दिले, त्या संघांचा हिशेब आणि आपल्याकडील हळहळीचा हिशेब यात फरक कोणता?

स्टॉबॅक काय किंवा अधिकारी काय, सैन्यात असताना खेळापासून दूर पडले नव्हते, ही बाब इथे निर्णायक आहे. स्टॉबॅक रजा घेऊन संघाच्या सराव शिबिराला गेले होते. अधिकारी सर्व्हिसेसच्या संघात होते. मालवणचा किनारा पाहा: तिथे दर वर्षी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, होडीला तेलपाणी होते, इंजिन उघडले जाते. ते दोन महिने फुकट गेले असे कोणताही गाबीत मच्छीमार कधी म्हणणार नाही, कारण नारळी पौर्णिमेनंतरचा हंगाम त्याच महिन्यांवर उभा असतो. खेळाडूच्या आयुष्याला मात्र ही साधी समज लावली जात नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की, अनेक खेळाडूंना खेळ मिळाला तोच सैन्यात. ध्यानचंद १९२२ साली भरती झाले तोवर त्यांचे हॉकीशी नाते नावापुरते होते. पलटणीत ते हॉकी शिकले आणि १९२८, १९३२ व १९३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघांत होते. मिल्खासिंग यांना आपण धावपटू आहोत हे कळले ते सैन्याच्या शर्यतीत. आणि महाराष्ट्राचेच उदाहरण हवे तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे आहेत. बारावीनंतर ते महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाले, सियाचिनच्या बर्फात राहिले, राजस्थानच्या वाळवंटात राहिले, सिक्कीममध्ये राहिले, आणि २०१५ साली सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतीपासून त्यांचे धावणे खऱ्या अर्थाने सुरू झाले. तीन हजार मीटर स्टीपलचेस या त्यांच्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे ओलांडावे लागतात. १९९८पासून २०१८पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळे यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत ती शर्यत पुरी केली आणि सुवर्णपदक त्यांच्यापासून फक्त ०.०५ सेकंद दूर राहिले. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवले, २०२४ साली राष्ट्रीय विक्रम ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर नेला. मांडव्याच्या त्या मुलाला सैन्याने हा खेळ दिला नसता, तर तो त्याला दुसऱ्या कोणी दिला असता? तालुक्याच्या ठिकाणी स्टीपलचेसचा पाण्याचा खड्डा तरी होता काय?

आता दुसरे कलम: हे खेळाडू सैनिक नव्हेत. खेळाच्या कोट्यातून थेट हवालदार किंवा नायब सुभेदार पदावर भरती होते, पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रातल्या बॉईज स्पोर्ट्स कंपनीत, म्हणजे लहान वयातच मुलांना शिक्षण आणि खेळाचे प्रशिक्षण देऊन पुढे सैन्यात घेणाऱ्या तुकडीत, आयुष्य जाते, आणि बंदूक फक्त संचलनापुरती हातात येते, असा आक्षेप आहे. या आक्षेपामागे सैन्याविषयीचे घोर अज्ञान आहे. सैन्य म्हणजे फक्त खंदकातला शिपाई नव्हे. रणगाडा दुरुस्त करणारा मिस्त्री, शिधा पोचवणारा, पूल बांधणारा, जखमीला टाके घालणारा, संदेशयंत्रणा सांभाळणारा, हे सगळे सैन्य आहे. स्टॉबॅक व्हिएतनाममध्ये पुरवठा विभागात होते म्हणून त्यांना कोणी नाविक म्हणायचे थांबले नाही. मग पलटणीसाठी, दलासाठी आणि देशासाठी पळणाऱ्याला तेवढे वेगळे का काढायचे?

या आक्षेपाला सर्वांत पुरे उत्तर मुरलीकांत पेटकर यांच्या शरीरावर लिहिलेले आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावी १९४४ साली जन्मलेले पेटकर लहान वयातच सैन्याच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात, म्हणजे ‘ईएमई’त दाखल झाले. या दलाचे काम शस्त्रे आणि वाहने दुरुस्त ठेवण्याचे, आणि पेटकर तिथे मुष्टियोद्धे म्हणून नावाजले होते. वरील आक्षेप मानला तर ते दुहेरी खोटे सैनिक ठरतात: एक तर मिस्त्री, त्यात खेळाडू. पण १९६५च्या युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी ते जायबंदी झाले आणि एक गोळी मणक्यात रुतली. गोळी कोणाच्या अंगावर येईल हे कोट्यावरून ठरत नाही. मुष्टियुद्ध संपले, रुग्णालयात उपचार म्हणून पोहणे सुरू झाले, आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होते. नेमबाज अभिनव बिंद्राचे ऑलिंपिक सुवर्ण त्यानंतर छत्तीस वर्षांनी आले.

पेटकरांना पद्मश्री २०१८ साली मिळाली, अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत, म्हणजे त्या सुवर्णानंतर बावन्न वर्षांनी. त्या बावन्न वर्षांचा जाब सैन्याला विचारायचा नाही. तो नागरी समाजाला विचारायचा आहे, जो सैनिकाला खेळाडू मानत नाही आणि खेळाडूला सैनिक मानत नाही, आणि म्हणून ज्याच्यात दोघेही आहेत तो त्याला दिसतच नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर वर्षी राज्यभरातली शेकडो मुले समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेसाठी उतरतात. त्यांतल्या किती जणांना, २०२४ साली पेटकरांवर हिंदी चित्रपट येण्याआधी, सांगली जिल्ह्यातल्या या जलतरणपटूचे नाव कोणी सांगितले होते? ४ डिसेंबर २०२३ रोजी तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन साजरा झाला तेव्हा युद्धनौका पाहायला पंचक्रोशी लोटली होती. नौका पाहणाऱ्यांना माणसे दिसत नसतील, तर त्या दर्शनाचा उपयोग काय?

तिसरे कलम गोड बोलते म्हणून त्याला अधिक ठामपणे नाकारले पाहिजे. खेळ हे युद्ध आहे आणि शिस्तीमुळे सैनिक जिंकतो, असे म्हणणाऱ्यांनी पेटकरांच्या मणक्यातल्या गोळीपुढे हे वाक्य उच्चारून पाहावे. मैदानावरचा प्रतिस्पर्धी संध्याकाळी आपल्या घरी जातो. युद्धातला जात नाही. आणि शिस्तीने विजय मिळतो हे तर अधिकाऱ्यांच्याच आयुष्यावरून खोटे ठरते. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाचे व्यवस्थापक लेफ्टनंट कर्नल अधिकारी होते. त्यांनी व्यायामावर आणि झेल घेण्याच्या सरावावर भर दिला, आणि २४ ऑगस्ट रोजी ओव्हलला भारताने इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी आणि पहिली मालिका जिंकली. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले, आणि ॲलन नॉटचा एकनाथ सोलकर यांनी फलंदाजाच्या पायाशी झेपावून घेतलेला झेल त्या डावाचा कणा मोडून गेला. पण १९७४ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचे व्यवस्थापकही तेच अधिकारी होते, तेच कर्नल, तीच शिस्त. आणि त्या दौऱ्यात भारत तिन्ही कसोटी हरला, लॉर्ड्सला ४२ धावांत सर्व बाद झाला. १९७१चे श्रेय शिस्तीला देणाऱ्याने १९७४चे अपयशही तिच्याच पदरात घालावे. ते घालायची तयारी नसेल, तर ‘शिस्त’ हा शब्द उत्तर म्हणून वापरू नये.

सैन्यातून मैदानावर काय येते, याचे नेमके उत्तर वेगळे आहे आणि ते या तिन्ही कलमांत सापडत नाही. सैन्यातल्या कोणत्याही अधिकाऱ्याच्या नोकरीचा मोठा भाग दुसऱ्यांची काळजी घेण्यात जातो: कोणाला रजा, कोणाला ताप, कोणाचे बूट फाटले, कोणाच्या घरी अडचण. स्टॉबॅक यांच्या पुरवठा विभागाचेही हेच काम होते. दुसऱ्या माणसाची जबाबदारी आपली आहे ही सवय लागलेला खेळाडू शेवटच्या जोडीला गोलंदाज समोर असताना ८१ धावांवर नाबाद राहतो, कारण गुलाम अहमद यांच्या विकेटचीही काळजी त्याला वाहायची असते. तोच माणूस एका सामन्यासाठी विस्कटलेल्या संघाचे नेतृत्व पत्करतो, पुढच्या पिढीच्या शिबिरांत उभा राहतो, आणि सुनील गावसकर व कपिल देव यांच्यासारखे खेळाडू त्याच्या नजरेखालून जातात. ही सवय लावणारी वर्षे कोणत्या निकषाने वाया गेली?

सिंधुदुर्गात हा प्रश्न पुस्तकी नाही. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाच्या कक्षेत हा जिल्हा येतो. पहाटे किनाऱ्यावर आणि डांबरी रस्त्यावर पळणारी मुले १.६ किलोमीटरची धाव निर्धारित वेळेत बसवण्यासाठी पळत असतात. आंबोलीत सैनिक स्कूल आहे. आणि २०२२पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर चौथ्या हिश्श्याच्याच जवानांना कायम ठेवण्याची तरतूद असल्याने उरलेल्यांना बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुन्हा घरी यायचे आहे. ज्या वयात स्टॉबॅक व्यावसायिक खेळाच्या दारात उभेही नव्हते, त्या वयात ही मुले गावी परततील. त्यांच्यासमोर ‘तुझी चार वर्षे गेली’ हेच वाक्य ठेवायचे असेल, तर त्यांच्या खेळाचा शेवट गावानेच केला असे म्हणावे लागेल. त्यांच्यासाठी तालुका स्पर्धांत, कबड्डीच्या संघांत, शाळांच्या मैदानांवर प्रशिक्षक आणि खेळाडू म्हणून जागा आजच राखल्या पाहिजेत, आणि क्रीडा मंडळांनी त्यासाठी भरतीचा निकाल लागेपर्यंत थांबू नये.

हेमू अधिकारी यांच्याविषयी यापुढे जो कोणी लिहील त्याने २१ कसोटी, ८७२ धावा आणि एक शतक एवढ्यावर पूर्णविराम देऊ नये. सर्व्हिसेसचे दोन अंतिम सामने, १९५९ची दिल्ली आणि १९७१चे ओव्हल हेही त्यांच्याच खात्यावर लिहिले पाहिजे, आणि ‘सैन्यामुळे राहून गेले’ हा शेरा त्या खात्यातून कायमचा काढून टाकला पाहिजे.